अर्धं वर्तुळ पाण्यात

“अर्ध्या वर्तुळात मासे राहतात, आणि मासे विमानाचं तिकीट काढत नाहीत.”

आमचे साहेब असं म्हणाले आणि बैठकीतले सगळे हसले. मीही हसले. नोकरीला नुकतेच चार महिने होऊन गेले होते, आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे याच साहेबांच्या हातात होतं. पण हसता हसता माझी कानशिलं तापली होती. कोणी आपल्या मालाला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, मग तो माल वांगी असो की एखादं अख्खं शहर.

त्या वेळी माझा माल म्हणजे विशाखापट्टणम, सगळ्यांच्या तोंडचं वैजाग, होतं. मी हैदराबादला एका छोट्या विमान कंपनीत आहे. कोणत्या दोन शहरांमध्ये विमान चालवलं तर त्यात माणसं बसतील, हे ठरवणाऱ्या विभागात. त्या हिवाळ्यापासून कंपनीचं एक विमान मोकळं होणार होतं आणि ते नागपूरहून कुठे पाठवायचं यावर वाद चालू होता. एक प्रस्ताव उत्तरेकडच्या एका मोठ्या शहराचा होता, जिथं चारही बाजूंनी रस्ते येतात. तो माझ्याहून दहा वर्षांनी जुन्या सहकाऱ्याकडे होता. दुसरा विशाखापट्टणमचा. तो कोणालाच नको होता म्हणून माझ्या गळ्यात आला.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. विमानतळ मध्ये धरायचा, माणूस रस्त्यानं दोन तासांत जिथून येऊ शकेल तिथपर्यंत नकाशावर एक गोल काढायचा, आणि त्या गोलात किती माणसं राहतात ते बघायचं. समुद्रकाठच्या शहराचा गोल काढला की निम्मा पाण्यात पडतो. साहेबांचा विनोद तिथून आला होता. वाईट म्हणजे तो खरा होता. मी गोल तीन वेळा काढून पाहिला. तिन्ही वेळा निम्म्यात निळा रंग.

अहवाल द्यायला पाच आठवडे होते. घरून काम करायची परवानगी घेतली आणि आदिलाबादची बस पकडली.

आमची भाजीची वाडी गावाच्या कडेला, जुन्या विमानतळाच्या मैदानापलीकडे आहे. निजामाच्या काळात तिथं विमानं उतरायची म्हणतात. आमच्या काळात तिथं लोक सकाळी फिरायला जातात, मुलं क्रिकेट खेळतात, आणि मी तिथंच सायकल शिकले. इथं विमानतळ होणार, होणार असं ऐकत माझं शिक्षण पूर्ण झालं. आता विमानांच्या नोकरीतली गावात मी एकटीच, त्यामुळे भेटेल तो मला विचारतो, “काय वं, कदी चालू करून राह्यली आपलं इमान?” जणू चावी माझ्याच पर्समध्ये आहे.

बाबा वाडी करतात, आई विकते. तीन गावांचे आठवडी बाजार ती तीस वर्षांपासून करते आहे. तिचं माहेर वांकिडीकडचं, शाळा दुसरीपर्यंत. गिऱ्हाइकाशी तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, आमच्याशी आमची मराठी, आणि भांडण लागलं तर तिन्ही भाषा एकदम. ऑफिसात कोणी विचारलं की मी सांगते, आई भाजी विकते. काही लोक ऐकून उगीच मान हलवतात, जणू मी काही दुःखाची गोष्ट सांगितली. त्यांची मला कीव येते. त्यांनी माझ्या आईला सौदा करताना पाहिलेलं नाही.

मी पोचले तेव्हा ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. माझं तोंड बघून तिनं हात थांबवला नाही.

“थोबाड काऊन असं?”

मी तिला गोलाची गोष्ट सांगितली. साहेबांचे मासेही सांगितले. ती हसली नाही.

“मंग?”

“मंग काय? आर्धा गोल पाण्यात जाते. माणसं निम्मी.”

“तुह्या सायबानं कदी भाजी इकली काय?”

“नाही.”

“म्हणूनच.” तिनं जुडी टोपलीत टाकली. “आपला नदीवरचा बाजार पाह्य. एका अंगानं सारी नदी. पावसाच्या दिवसांत तं पलीकडचं कुत्रं बी येत नाही. तरी माह्यी टोपली सगळ्यात पयले तिथंच खाली होते. काऊन?”

पैनगंगेच्या काठावरचं ते गाव मला लहानपणापासून ठाऊक आहे. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही, मध्ये पूल नाही. तिथं टोपली लवकर रिकामी होते हेही ठाऊक होतं. का होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

“रस्ता तिथं संपते,” आई म्हणाली. “आलेला माणूस फुडं जात नाही. जाईन कुठं, नदीत? तलमडुगूकडून आला, तो बी तिथंच उतरला, अन दुसरीकडून आला तो बी तिथंच. भैंशाले आपण एक साल बसलो होतो, आठवते काय? केवढा मोठा बाजार. पण रस्ते चार. जितके येत तितकेच गाडीवरून भुर्रकन फुडं जात. आपल्यासारख्या टोपलीवालीकडं कोण पाह्यते? तुह्या त्या दुसऱ्या शहराले चार रस्ते हायेत नं? मंग चारी रस्त्यानं माणूस येते तसं जाते बी. समुद्रापाशी आलेलं माणूस कुठं जाते?”

दोन वर्षं मी विमान व्यवसायाचं शिक्षण घेतलं होतं, त्यासाठी बाबांनी काय काय केलं ते मलाच माहीत. आणि हे एक वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. मला आईचा इतका अभिमान वाटला की उठून लॅपटॉप उघडला आणि तिथंच लिहायला बसले.

“लिवू नको,” आई म्हणाली. “हे नदीचं झालं. तुह्या वैजागचं खरं हाये का नाही, तुले काय माहीत? आंदी रिकामा बाजार कर.”

रिकामा बाजार ही आईची स्वतःची पद्धत आहे. कोणत्याही नव्या बाजारात बसायच्या आधी ती तिथं एकदा माल न घेता जाते. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसते, आणि बाजाराच्या आत नाही, तर लोक ज्या वाटेनं घरी परततात त्या वाटेवर. येणाऱ्याकडे बघून काही कळत नाही म्हणते, प्रत्येक जण रिकामी पिशवीच घेऊन येतो. जाणाऱ्याची पिशवी बघायची. भरून ओढत असेल तर त्या बाजाराला आपली गरज नाही. पण पिशवी अर्धीच लोंबत असेल आणि बाई मागं वळून बघत असेल, तर तिला काहीतरी मिळालेलं नाही. तिला थांबवायचं आणि काय पाहिजे होतं ते विचारायचं. अशी अर्धी पिशवी दिसली की आई कमरेला बांधलेल्या बटव्याच्या एका खिशातला चिंचोका दुसऱ्या खिशात टाकते. बाजार उठला की दुसऱ्या खिशातले चिंचोके मोजते आणि तिथं बसायचं की नाही ते ठरवते. बाकीच्या भाजीवाल्या तिला हसतात, दिवस फुकट घालवते म्हणून. त्यांतल्या दोघी दरवर्षी बाजार बदलतात. आईनं तीस वर्षांत एकदाच बदलला, तो भैंसाचा, कारण तिथं ती बाबांच्या हट्टामुळे रिकामा बाजार न करता गेली होती. हे बाबांना अजून ऐकावं लागतं.

“मले ने संगं,” ती म्हणाली. “तुले पिशव्या पाह्यता येत नाही.”

“किती दिवस?”

“बाजार ते बाजार. पुरा हप्ता.”

म्हणजे तिचे तिन्ही बाजार बुडणार होते. मी बाबांकडे पाहिलं. ते पंपाचा पाइप जोडत होते. “जा तुमी,” ते म्हणाले. “वांगे काही पळून नाही जात.”

आम्ही हैदराबादमार्गे रेल्वेनं गेलो. आईनं ज्वारीचं पीठ, ठेचा आणि तवा घेतला होता. लॉजवाल्यानं खोलीत चूल पेटवायला नकार दिल्यावर तिनं आठ दिवस भात खाल्ला आणि आठही दिवस मला सुनावलं की आपण जेवलेलो नाही. पहिल्या संध्याकाळी तिला समुद्र दाखवायला नेलं. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “येवढं पाणी, अन एका वाफ्याच्या कामाचं नाही.” आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी मी तिला विमानतळावर नेलं, बाहेर पडणाऱ्यांच्या दारासमोर. वही-पेन घेऊन मी बसले. आईनं दहा मिनिटं पाहिलं.

“इथं काऊन आणलं?”

“विमानानं येणारे लोक इथूनच निघते नं.”

“यायले तं भेटलं. यायची पिशवी भरेल हाये. ज्यायले नाही भेटलं ते कुठं हायेत?”

ते रेल्वे स्टेशनवर होते. ही माझी चूक आमच्या धंद्यातले भलेभले करतात: विमानात बसलेल्यांनाच विचारतात की तुम्हाला विमान पाहिजे का. पुढचे सात दिवस आम्ही स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलो. मी वही घेऊन, आई रिकामी पिशवी घेऊन.

ती सामानावरून माणूस ओळखायची. कापडात बांधलेला स्टीलचा डबा म्हणजे होस्टेलातल्या पोरासाठी लाडू. प्लास्टिकच्या पिशवीत मोठं खाकी पाकीट म्हणजे दवाखाना. कडक इस्त्रीचा शर्ट आणि नवी कोरी बॅग म्हणजे कारखान्यात किंवा बंदरात नवी नोकरी. लहान पोर कडेवर आणि तीन बॅगा असलेली एकटी बाई म्हणजे नवरा जहाजावर. “एक्कड नुंची?” ती विचारायची, कुठून आलात, आणि तेलुगू नसेल तर हिंदीत. मला लोक उत्तर द्यायचे नाहीत, माझ्या वहीकडे संशयानं बघायचे. आईला सगळं सांगायचे. तिनं फक्त दोनच गोष्टी विचारायच्या असं ठरलं होतं: घरून कधी निघालात, आणि इथून पुढे कुठे जाणार. ती सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचायची.

पुढे कुठे, याला तिथं उतरलेल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं. कुठे नाही. इथंच.

तिसऱ्या दिवशी वर्ध्याकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको परतीच्या गाडीसाठी पायऱ्यांवर बसले होते. मराठी ऐकून बाई आईशेजारी सरकल्या. लेक इथं शिकायला होती. तिला बघायला आले होते. दोन गाड्या बदलून, मधे एका स्टेशनात अर्धा दिवस काढून. लेकीला अचानक चार दिवस सुट्टी मिळाली, फोन येताच हे दोघं तिकिटांची खटपट करून निघाले, तरी पोचेपर्यंत त्यातले तीन संपले होते. एक दिवस मिळाला. त्यातही लेक म्हणाली, आई, तू थकलीस, झोप थोडी. बाई झोपल्या. हे सांगताना त्या रडल्या, आणि मास्तर दुसरीकडे बघत राहिले.

ते गेल्यावर आईनं चिंचोका दुसऱ्या खिशात टाकला. मग थोडा वेळ थांबून आणखी एक टाकला.

“दोन काऊन?”

“मास्तरायचा अलग,” ती म्हणाली.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे शहर म्हणजे केवढा बाजार आहे. तिथं राहणारी माणसं हा त्याचा निम्मा भागही नव्हे. छत्तीसगड, ओडिशाचा आतला भाग, विदर्भ आणि आमच्या तेलंगणाचा हा वरचा कोपरा, जिथं जिथं समुद्र नाही तिथून माणसं त्याच्या कडेला येऊन थांबत होती, शिकायला, बरं व्हायला, कमवायला, आणि त्यांच्या मागून त्यांची माणसं. आमच्या दोन तासांच्या गोलात यातलं कोणीच नव्हतं. गोल काढणाऱ्यानं फक्त शहराभोवतीची घरं पाहिली होती, पायऱ्या पाहिल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट आईनं दाखवली. मंगळवारी, बुधवारी पायऱ्या ओस पडायच्या. आई कंटाळून पाय लांब करायची. “आज बाजार नाही इथं,” म्हणायची. गुरुवारी संध्याकाळपासून पुन्हा गर्दी, आणि रविवारी परतणाऱ्यांची रीघ. प्रत्येक दिवसाचे चिंचोके मी लॉजवर वेगळे लिहून ठेवत होते.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. बारा दिवस लागले. समुद्र म्हणजे गमावलेला निम्मा गोल नाही, तिथं रस्ता संपतो आणि म्हणून माणूस उतरतो, हे पहिल्याच पानावर घातलं. मास्तरांची गोष्ट घातली. वारांचं कोष्टक मात्र मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलं. मंगळवार-बुधवारचे ते कमी आकडे मला आवडले नव्हते. आपल्या मालातली किडकी शेंग टोपलीच्या तळाशी घालावी तसं मी केलं, आणि हे मी जाणूनबुजून केलं.

बैठक व्हिडिओवर होती. मी वाडीतल्या खोलीत लॅपटॉप मांडला. आई मागं कोथिंबीर निवडत होती. मी सांगितलं होतं की आवाज करू नको.

सहकाऱ्यानं आधी मांडलं, नीट मांडलं. मग मी. बोलताना मला भीती वाटली नाही. साहेबांनी खूप प्रश्न विचारले आणि मला प्रत्येकाचं उत्तर येत होतं, कारण मी ती माणसं पाहिली होती. शेवटी साहेब खुर्चीत मागं रेलले.

“मासे मी परत घेतो,” ते म्हणाले. “विशाखापट्टणम. डेली. हिवाळ्यापासून रोज सकाळी एक फेरी.”

पडद्यावरच्या चौकोनांमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नोकरी पक्की झाली होती. माझं शहर जिंकलं होतं, तेही पूर्ण आठवडाभर. मला रडू येणार असं वाटलं.

“रोज काऊन?” मागून आई म्हणाली.

मी घाईनं माझा आवाज बंद केला.

“रोज बाजार नसते तिथं. बुधवारचे चिंचोके पाह्य.”

“आई, हो म्हणाले ते. चूप राह्य.”

“आमी तं चूपच हावो.” तिनं कोथिंबिरीची काडी मोडली. “तू आता सांगतं, का इमान बंद पडल्यावर सांगशीन?”

मला तिचा भयंकर राग आला. कारण ती बरोबर होती आणि मला ते आधीपासून माहीत होतं. रोज विमान गेलं तर आठवड्यातले दोन दिवस ते अर्धं रिकामं जाणार, आणखी दोन दिवस जेमतेम. मार्च उजाडेपर्यंत कोणीतरी म्हणणार की बघा, समुद्रकाठी बाजार नसतोच. मग त्या मास्तरांच्या भागाला विमान मिळायला आणखी दहा वर्षं. आणि मी आत्ता तोंड उघडलं तर? उरलेले दिवस सहकाऱ्याच्या शहराला जाणार. साहेब म्हणणार, या मुलीला स्वतःच्या कामाची खात्री नाही. सहाव्या महिन्याचे पंधरा दिवस उरले होते.

पडद्यावर साहेब दुसऱ्या विषयाकडे वळत होते. मी आवाज चालू केला.

“सर, रोज नको. आठवड्यातून तीन दिवस द्या.”

ते थांबले. “पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच हे शहर मला विकत होतात.”

“अजून विकतेच आहे. शेवटचं पान बघा, सर. ते मी पहिल्या पानावर द्यायला पाहिजे होतं. चूक माझी.”

त्यांनी ते पान उघडलं. सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. साहेबांनी कोष्टक वाचलं, मग विचारलं की हे वार कोणी टिपले.

“आईनं. ती भाजी विकते. आत्ता इथंच बसली आहे.”

मी लॅपटॉप वळवला. आईनं पदर नीट केला, कोथिंबीर मात्र हातातच राहिली. साहेब तिच्याशी तेलुगूत बोलले. अम्मा म्हणाले, तुमचा माल असता तर तुम्ही रोज मांडला नसता का? आईनंही तेलुगूत उत्तर दिलं, अगदी गिऱ्हाइकाला देते तसं, घाई न करता. तीन दिवस मांडा. तिन्ही दिवस माल संपू द्या. मग काही लोक न मिळाल्यामुळे परत जातील, त्यांना जाऊ द्या. तेच लोक घरी जाऊन सांगतील की तिथं काहीतरी मिळतं, पण लवकर जावं लागतं. असे परत जाणारे वाढले की चौथा दिवस मांडा. उरलेला माल सगळ्यांना दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मालालाही कोणी हात लावत नाही.

साहेब हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

“तीन दिवस,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “आणि तुमचं कायम होण्याचं आपण हिवाळा संपल्यावर बघू. हे तीन दिवस भरले तर.”

मिळत होतं त्यापेक्षा कमी मागून मी माझी नोकरी चार महिने टांगणीला लावून घेतली होती. मी लॅपटॉप बंद केला. कोथिंबीर पाण्यात बुडवून आई बाहेर निघून गेली. शाबासकी द्यायची तिला सवय नाही, आणि त्या दिवशी मला ती पाहिजे होती, हे मी कबूल करते.

हिवाळ्यात विमान सुरू झालं. पहिले दोन आठवडे मी रोज सकाळी उठल्या उठल्या आधी किती जागा भरल्या ते बघत होते. मग ते भरू लागलं. डिसेंबरात लोक तिकीट मिळत नाही म्हणून तक्रार करू लागले, आणि मला त्या तक्रारी वाचताना जितका आनंद झाला तितका पगाराच्या कागदानं कधी झाला नाही. विशाखापट्टणमला माझा कोणी नातेवाईक नाही, समुद्राशी माझा संबंध नाही, तरी नागपूरहून ते विमान उडालं की मला वाटायचं आमच्या घरचं काहीतरी निघालं आहे. हिवाळा सरता सरता चौथा दिवस मिळाला. मलाही कायम केलं.

ते सांगायला मी चार दिवसांची रजा काढून आदिलाबादला गेले. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि शेजारी दाखवायला नेला. आई म्हणाली, “बरं झालं,” आणि टोपली भरायला लागली. दुसऱ्या दिवशी नदीवरचा बाजार होता. सकाळी मी तिच्याबरोबर निघायला चपला घातल्या तर ती दारातच उभी.

“तू जा,” ती म्हणाली. “माह्ये गुडघे दुखून राह्यले.”

तिचे गुडघे मला माहीत आहेत. ते दुखत असले तरी ती कधी सांगत नाही, आणि सांगते तेव्हा दुखत नसतात. तिची जागा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या अगदी शेवटी आहे. ती आजारी असली की ती जागा रिकामी राहते. तिथं माझी काकू बसली नाही, बाबा बसले नाहीत. मी लहानपणी तिच्या मागं बसायचे, पण तराजूला हात लावायची मला मनाई होती.

मी गेले. गोणपाट अंथरलं, वांगी, मेथी, कोथिंबीर मांडली, तराजू हातात घेतला. पहिल्या बाईनं वांगी उचलण्याआधी मला न्याहाळलं.

“तुही माय कुठी हाये?”

“घरी हाये.”

“मंग आज तू?”

“आज मी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला.

ऊन उतरायच्या आत टोपली संपली. वांग्यांत एका म्हाताऱ्यानं मला फसवलं, पण बाकी ठीक झालं. घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसलेली. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं. पैसे किती आले ते विचारलं नाही.

“किती लोक रिकामे गेले?”

“दोघी. मेथी मांगत होत्या.”

आईनं मान हलवली.

“मंग फुडच्या बाजारी चार जुड्या जास्तीच्या घेऊन जा.”

पुढच्या बाजाराच्या चार दिवस आधी मला हैदराबादला परतायचं होतं. मी आत गेले, साहेबांना फोन केला आणि रजा वाढवून घेतली.